मागचा बोळ

मल्लप्पाशेटांनी दुकानाच्या पायरीवर उभं राहून पानाची पिंक नेमकी चौकातल्या नव्या फरशीवर टाकली आणि गादीवर येऊन बसले. कालच धुतलेली ती शहाबादी फरशी लाल झालेली पाहून त्यांना सकाळपासून पहिल्यांदाच बरं वाटलं.

“चालायला चौक म्हणे!” ते दिवाणजी निंगप्पाला म्हणाले. “सोलापुरात माणूस कामाला चालतो. ह्यांना मिरवायला जागा पायजे.”

निंगप्पा हसला. शेट बोलले की हसायचं, हे त्याच्या नोकरीतच मोडत होतं.

आजपासून हौदाच्या चौकात टांगे, लॉऱ्या, हातगाड्या सगळं बंद झालं होतं. जुना दगडी हौद घासूनपुसून काढला होता, भोवती बाक टाकले होते, कडुनिंबाची रोपं लावली होती. बाकावर टेकलेल्या दोन म्हाताऱ्यांकडे शेट असे बघत होते, की जणू त्यांनी शेटांच्याच माजघरात पथारी पसरली होती. आठवड्याभरात साहेब लोक नाक घासत येतील आणि टांगे सुरू करतील, असं शेटांनी साऱ्या पेठेला ठणकावून सांगितलं होतं. त्यामुळे हा चौक फसणं आता त्यांच्या अब्रूचा प्रश्न होता.

अर्थात शेट गाफील नव्हते. चौक बंद होणारच असं दिसल्यावर ते नगरपालिकेच्या कचेरीत जाऊन नकाशावर वाकले होते. इंजिनिअर तरुण होता, पुण्याकडचा होता आणि चष्मा लावत होता. एवढ्या तीन गोष्टी त्याला तुच्छ मानायला शेटांना पुरेशा होत्या.

“दुकानांच्या मागचा हा बोळ आहे ना, तो लॉऱ्यांना द्या,” त्यांनी बोट ठेवलं होतं. “आमचे गठ्ठे तिकडून उतरतील.”

“या बोळातून जातं कोण?” इंजिनिअरने विचारलं होतं.

“कुणीच न्हाय हो.”

साहेबाला कसा गुंडाळला, हे शेटांनी त्या दिवशी घरी जेवताना चवीने सांगितलं होतं. पत्नी अक्कम्मा भाकरी वाढत होती. तिला त्या बोळाबद्दल काही विचारावं, असं शेटांच्या मनातही आलं नाही.

पेठेत रीत होती. घरच्या बायकांनी गादीसमोरून जायचं नाही. दळण असो, देऊळ असो, कुणाचं बारसं असो, त्यांनी मागच्या बोळातून जायचं. लग्न होऊन वळसंगहून आल्यापासून अक्कम्मा त्याच बोळातून जात-येत होती. त्या बोळातून सगळ्या पेठेचा संसार ये-जा करायचा, आणि शेटांच्या लेखी तिथून कुणीच जात नव्हतं. स्वतःला हुशार समजणाऱ्या माणसाला एवढंसं दिसू नये, यात नवल काही नाही.

अकराच्या सुमारास मागून लॉरीचा भोंगा सुरू झाला. शेटांनी ऐकला आणि मिशीत हसले. समोर खेड्यावरची एक बाई लुगडी बघत होती. शेटांनी स्वतः तिच्यापुढे चिंचोकी रंगाचं इरकली लुगडं पसरलं.

“घ्या, डोळे झाकून घ्या. आमच्या घरात ह्याच्याशिवाय दुसरं नेसतच न्हाईत.”

तेवढ्यात चौकात डोक्यावर दळणाचा डबा घेतलेली एक बाई आली. तिच्यामागून आणखी दोघी आल्या. मग पेठेतल्या सुना, सासवा, लेकुरवाळ्या, सगळ्याच येऊ लागल्या. आधी त्या पदर ओढून, भिंतीच्या कडेने चालत होत्या. हौदापाशी येईपर्यंत त्यांची चाल संथ झाली होती.

“लाज सोडली सगळ्यांनी,” शेट पुटपुटले. “कुणाच्या घरच्या हायत ह्या?”

निंगप्पा या वेळी हसला नाही. त्याला समोरून येणारी अक्कम्मा दिसली होती.

तिच्या अंगावर चिंचोकी लुगडं होतं. ती बाकावर टेकली, पाय पुढे केले आणि निवांत चौकभर नजर फिरवली. दुकानाची पाटी तिने समोरून पहिल्यांदाच पाहिली. मग उठून सरळ दुकानाच्या पायऱ्या चढून आली. शेटांना संताप आला आणि त्याहून जास्त लाज वाटली. पण गिऱ्हाइकासमोर ओरडायचं तरी कसं?

“बोळात पाय ठेवायला जागा न्हाय,” ती निंगप्पाला म्हणाली. “आपलीच लॉरी उभी हाय.”

“बसा की अव्वा,” निंगप्पा गडबडला. घरच्यांसाठी कोपऱ्यात बाजूला ठेवलेल्या गठ्ठ्यातलं वरचं लुगडं त्याने सवयीने उचलून पुढे केलं. तेही चिंचोकीच होतं.

अक्कम्माने ते हातानेच मागे सारलं.

“हे नको. हे कुणी घेत न्हाय, म्हणून दर दिवाळीला घरी येतं.”

खेड्यावरच्या बाईने हातातला पदर हळूच खाली ठेवला.

“ते दाखव. हिरवं.”

निंगप्पाने शेटांकडे पाहिलं. शेट चौकाकडे बघत होते. तिथे आता सगळे बाक भरले होते. निंगप्पाने हिरवं लुगडं काढलं. अक्कम्माने काठ उलटून पाहिला, पोत चोळला, पदर खांद्यावर टाकून बघितला. तिने वेळ घेतला. मग पसंतीची मान डोलावली.

“शेट,” निंगप्पाने विचारलं, “गड्याबरोबर घरी पाठवू न्हवं?”

“कशाला?” अक्कम्माने लुगडं काखेत घेतलं. “मीच नेते की. उद्याधरनं हितनंच जायचं हाय.”