काठीने वाजवलेलं वृत्त

मित्रांनो, मी टोकाला झिजलेली एक जुनी काठी आहे. सुताराने मला कुणाच्या तरी आधारासाठी घडवलं, पण मी पडले मास्तरांच्या हाती आणि कवितेच्या कामाला जुंपले गेले.

मास्तर वर्गात वृत्तं शिकवत. लघु म्हणजे हलका, तेव्हा ते मला जमिनीवर अलगद टेकवत. गुरू म्हणजे जड, तेव्हा दणका! "नावं घोकू नका रे," ते म्हणत. "नावातच चाल आहे. भुजंगप्रयात म्हणजे सापाचं सरपटणं. द्रुतविलंबित म्हणजे आधी धावायचं, मग रेंगाळायचं." मुलं बाकं बडवून ताल धरत. काय दिवस होते ते!

पुढे मास्तरांना अर्धांगवायू झाला. वाचा गेली, डावा हात तेवढा शाबूत राहिला. मग मीच त्यांची जीभ झाले; एकेका सांगण्याला एकेक वृत्त ठरलं. भुजंगप्रयात वाजला की मास्तरीणबाई स्वयंपाकघरातून ओरडत, "आले हो, आले! पाणीच ना?"

बाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन लेकीच्या गावी ठरलं. निघताना त्या आपल्या मुलाला म्हणाल्या, "हे काठीने सांगतील. तुला काय वेगळं शिकवायचं? याच घरात वाढलास तू."

मुलाने मान डोलावली. त्याने वृत्तं परीक्षेपुरती घोकली होती, चाल कानात कधी शिरलीच नव्हती. पण तसं कबूल करायची त्याला लाज वाटली.

मास्तर वाजवू लागले. मुलाने पाणी दिलं, उशी सरळ केली, दिवा लावला. मास्तर मान हलवत आणि पुन्हा तेच वाजवत.

"बाबा, पुरे करा हो! डोकं उठलंय माझं."

त्याने मला हिसकावून कपाटावर टाकलं. वाईट नव्हता तो, पार दमला होता.

वरून मला सगळं दिसत होतं. मास्तर तळहाताने गादी बडवत होते. कापसावर कसला आवाज होणार? संध्याकाळी तो हात थांबला. मुलगा पलीकडच्याच खोलीत होता.

बाई परतल्या. रडून रडून थकल्यावर त्यांनी विचारलं, "शेवटी काय वाजवत होते रे?"

मुलाने टेबलावर बोटं आपटली. चार जड, मग पाच हलके, आणि तो अडखळला.

"मंदाक्रांता," बाई म्हणाल्या. "हळूहळू पावलं टाकत येणारी. त्यांना काही नको होतं रे. जवळ येऊन बस, म्हणत होते."

मुलगा रिकाम्या गादीजवळ जाऊन बसला.

मित्रांनो, मी अजून कपाटावरच आहे. माझं सोडा. तुमच्या घरात कुणी काही सांगत असेल आणि तुम्हाला कळत नसेल, तर सरळ म्हणा, मला कळत नाही. आणि उठून जाऊ नका. अर्थ मागाहून कुणालाही विचारता येतो.