सशाची पेटी

बावीस वर्षं दगड कापून कापून बाबांच्या फुप्फुसात दगडाची भुकटी साचली होती. डॉक्टरांनी आईला बजावलं, "घरात धूळ नको, केस नकोत, वाळलं गवत तर मुळीच नको." म्हणजे ससा नको.

ससा चिमीचा. कुणीही आलं तरी जागचा हलायचा नाही, म्हणून त्याचं नाव साहेब. बारा वर्षांच्या चिमीनं आदळआपट केली नाही. दोन दिवस जेवली नाही, एवढंच. शेवटी मावशी म्हणाली, "मी सांभाळते त्याला." मावशीचं घर बसनं पाच तासांवर.

"पेटी मी बघणार," बाबा म्हणाले. दुकानापर्यंत जाताना ते तीनदा थांबले.

दुकानदारानं खांद्याला लटकवायची जाळीची पिशवी पुढे केली. "सगळे हीच नेतात."

बाबांनी तळ दाबून पाहिला. तो लगेच वाकला. "यात बिचारा पाच तास तोल सावरत बसेल. आणि जाळी तर कुरतडूनच टाकेल."

त्यांनी कडक प्लास्टिकची पेटी निवडली. साहेबाला आत वळता येईल एवढी, वरूनही उघडणारी. "ओढून काढलं की घाबरतो. वरून अलगद उचल," ते चिमीला म्हणाले.

घरी आल्यावर पेटीच्या आतल्या कडेचा एक धारदार कंगोरा त्यांच्या बोटाला लागला. ते कानस घेऊन बसले, तशी आई धावली. "जीव नकोसा झालाय का तुम्हाला?"

"ओली करून घासतोय. धूळ उडत नाही." थोड्या वेळानं ते म्हणाले, "दगडही असेच पाणी सोडून कापायचे असतात. आम्हाला कुणी सांगितलंच नाही."

आईनं पाण्याचा तांब्या त्यांच्याजवळ सरकवला.

साहेबाला सवय व्हावी म्हणून आठ दिवस पेटी कोपऱ्यात उघडी राहिली. चिमीनं आत जुना टॉवेल अंथरला, वर गवत घातलं. बाबा तोंडाला फडकं बांधून दारातूनच बघायचे. पाचव्या दिवशी साहेब आपणहून आत शिरला आणि पाय ताणून झोपला.

"गेला बघ!" बाबा हसले. हसता हसता ढास लागली, ती थांबेचना.

निघायच्या दिवशी त्यांना उठवत नव्हतं. पडल्या पडल्या ते सांगत होते, "पेटी पायाशी ठेव. ऊन लागू देऊ नकोस. वाटीतलं पाणी सांडेल, काकडीचे काप दे."

"माहितीये, बाबा."

साहेब सुखरूप पोचला. मावशीकडे तासाभरात खायलाही लागला.

दोन महिन्यांनी बाबा गेले.

पाहुणे पांगल्यावर आई केर काढत होती. हात न थांबवता म्हणाली, "आता आणता येईल गं साहेबाला."

चिमी तिच्याकडे बघतच राहिली. "नको," ती म्हणाली, आणि चप्पल न घालताच बाहेर निघून गेली.

आईनं पुन्हा कधी विचारलं नाही.