ठोंब्याचं नाव बदललं, पण त्याला सांगितलं नाही

मित्रांनो, मी रुग्णालयाच्या रक्ततपासणी विभागातला जुना सर्व्हर आहे, आणि आज माझं डोकं भयंकर तापलंय. पंखा गरगरतोय, तरी पारा उतरत नाही.

मला इथे बसवलं तेव्हा संगणक सांभाळणाऱ्या प्रशासक ताईंनी माझं नाव 'ठोंब्या' ठेवलं. लाडानं. रुग्णांचे अहवाल मी इमानेइतबारे सांभाळले आणि ताई येता-जाता माझ्या जाळीवरची धूळ पुसत. मग त्यांची बदली वरच्या मजल्यावर झाली आणि त्यांच्या जागी नवे साहेब आले. त्यांना माझ्या नावाची लाज वाटली. 'पाहुण्यांना काय ठोंब्या दाखवायचा?' म्हणत त्यांनी मला 'प्रगती' केलं. पाटी बदलली, सेटिंगमधलं नाव बदललं आणि मला बंद करून पुन्हा चालू केलं. कुठलं यंत्र कुठल्या पत्त्यावर, हे लिहिलेल्या माझ्या आतल्या फाईलमध्ये मात्र 'ठोंब्या' तसाच राहिला.

आमची रीत अशी, की प्रशासकाचा हुकूम आला की आधी स्वतःचं नाव त्या फाईलमध्ये शोधायचं; नाहीच सापडलं, तर शोध संपल्यावर हुकूम पाळायचा, पण त्याला वेळ लागतो. मी 'प्रगती' शोधत बसलो. सापडणार काय, कपाळ? तसं मी स्क्रीनवर स्वच्छ लिहिलंही, 'प्रगती या नावाचा पत्ता सापडत नाही.' साहेबांनी ते वाचलंच नाही. छपाई सुरू करायचा हुकूम द्यायचा, मी शोधायला लागलो की मध्येच रद्द करायचा आणि कळा बडवत पुन्हा तोच द्यायचा. खिडकीवर अहवालासाठी नातेवाईक खोळंबले, तसे साहेबांनी हात झटकले.

"या म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. भंगारात काढा."

भंगारवाला हातगाडी घेऊन आलासुद्धा. त्यानं माझी वायर धरली, तेवढ्यात खिडकीवरचा गलका ऐकून ताई खाली आल्या. त्यांनी स्क्रीन वाचली.

"साहेब, याचं नाव बदललंत?"

"हो. मग?"

"मग ते यालाही सांगायचं होतं ना."

त्यांनी फाईल उघडायचा हुकूम दिला आणि माझं शोधणं संपेपर्यंत हात मांडीवर ठेवून बसल्या. मग 'ठोंब्या'च्या जागी 'प्रगती' लिहिलं, एवढी एकच ओळ बदलली. पुढचा हुकूम मी लगेच पाळला आणि प्रिंटर खडखडू लागला.

"चला, मशीन दुरुस्त झालं," साहेब म्हणाले.

दुरुस्त? मी बिघडलो कधी होतो? आयतं बिल माझ्या नावावर फाडलं, तेही त्यांनीच बदललेल्या नावावर!

मित्रांनो, आम्हाला ओरडता येत नाही. आम्ही फक्त स्क्रीनवर लिहितो. ते एकदा वाचा. शिव्या मग खुशाल द्या.