तिसरं बटण

टाचणीचं डोकं पिवळं होतं आणि ती फळ्यात नीट रुतत नव्हती, म्हणून दवाखान्यातली व्यायाम शिकवणारी मुलगी तिला अंगठ्याने दाबत होती, एकदा, दोनदा, मग तळहाताचा जोर लावून... आणि समोर स्टुलावर बसलेल्या बाईला वाटत होतं की ही टाचणी वाकावी, मोडावी, निदान हातातून सुटून कपाटाखाली तरी जावी. पण टाचणी रुतली आणि बाईचा व्यायामाचा तक्ता भिंतीवर लागला.

सहा आठवडे, दिवसाचे तीन चौकोन, एकूण एकशे सव्वीस, आणि जवळजवळ प्रत्येकात बरोबरची खूण. कोपराचं हाड मोडलं, प्लास्टर निघालं आणि उजवा हात काटकोनात अडकून बसला, तेव्हा हाच कागद देऊन मुलीने समजावलं होतं : डाव्या हाताने उजवा वर दाबायचा, दुखेल, तरी दहापर्यंत मोजायचं, सोडायचं, असं दहा वेळा, सकाळ-दुपार-संध्याकाळ. पहिले चार दिवस तिने मनापासून केलं. पाचव्या दिवशी सकाळी फार दुखलं म्हणून दुपारी करू म्हटलं, दुपारी डोळा लागला, आणि संध्याकाळी — संध्याकाळी का केलं नाही, हे तिला अजून सांगता आलं नसतं. कोणी अडवलं नव्हतं, वेळ तर ढीगभर होता. नुसतं झालं नाही.

खुणा मात्र झाल्या. रोज जेवण झालं की ती तक्ता समोर घ्यायची, आळीपाळीने दोन पेनं वापरायची, एखादी खूण घाईत केल्यासारखी तिरकी काढायची. दोन चौकोन तर मुद्दाम रिकामे ठेवून तिने शेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं — ताप.

“गुण येणं न येणं वेगळं,” मुलगी बाकावरच्या आजोबांना म्हणाली, “पण चिकाटी बघा.”

हे आजोबा म्हणजे निवृत्त बसड्रायव्हर, जिन्यावरून पडून कोपर मोडून घेतलेले. त्यांच्या तक्त्यात निम्म्या फुल्या, आणि काही चौकोनांत सरळ लिहिलेलं — कंटाळा, पत्ते, पुन्हा कंटाळा. हात मात्र टोपीपर्यंत पोचायला लागला होता. तुमच्यापुढे आम्ही म्हणजे अगदीच कामचुकार, बाई, असं ते म्हणाले आणि खरोखर ओशाळले. ती हसली. दुसरं काय करणार?

त्याआधी पडद्यामागे मुलीने माप घेतलं होतं. कोन मोजायची दोन पात्यांची पारदर्शक पट्टी कोपराला लावली, आकडा वाचला, पुन्हा लावून पुन्हा वाचला. सहा आठवड्यांपूर्वीचाच आकडा. पट्टी मिटून मुलगी खालच्या आवाजात म्हणाली, “तुम्ही सगळं केलंत. म्हणजे माझंच काहीतरी चुकलं.” तिने तिच्या मॅडमनाही विचारलं होतं, आणि त्यांचं म्हणणं पडलं की इतका व्यायाम करूनही सांधा हलत नसेल तर तो उघडूनच मोकळा करावा लागेल. सोमवारी मोठे डॉक्टर बघून ऑपरेशनचं ठरवणार.

तेव्हाच बोलायला हवं होतं. तिने तोंड उघडलंही, पण “तुमचं काही चुकलं नाही हो,” एवढंच बाहेर आलं, आणि ते ऐकून मुलीचे डोळे भरून आले. म्हणजे वर आणखी आपण मोठ्या मनाच्याही ठरलो... नोकरीचं पहिलंच वर्ष असावं पोरीचं. हा तक्ता भिंतीवर लावू का, असं तिने विचारलं तेव्हा नको म्हणायलासुद्धा तोंड उरलं नव्हतं.

तिथून ती आपल्या कामावर, कपड्यांच्या कारखान्यात गेली, नुसती, सवयीने. कापायच्या लांब टेबलाशी तिच्या जागेवर दुसरी उभी होती, तिचीच मोठी कात्री घेऊन, आणि कापडाच्या थरांतून कात्री सरळ चालली होती. बायकांनी विचारपूस केली. ऑपरेशन म्हणतात, असं तिने सांगितलं, तेव्हा सगळ्या हळहळल्या. ती हळहळही तिने निमूट घेतली.

आई तिला आरंभशूर म्हणायची, तेही पाहुण्यांदेखत. टायपिंगच्या क्लासला दोघी बहिणी एकाच दिवशी गेल्या, ताई परीक्षा पास होऊन आली आणि ही तिसऱ्या धड्यानंतर गेलीच नाही. वडिलांसाठी विणायला घेतलेल्या स्वेटरच्या बाह्या कधी झाल्याच नाहीत. वडिलांनी तो मुद्दाम तसाच सांगितल्यासारखा अनेक वर्षं घातला, आणि त्याबद्दल कधी एक शब्द काढला नाही. आईचं बोलणं परवडलं, पण तो स्वेटर आठवला की अजून मान खाली जाते.

संध्याकाळी ताई आली, वेणी घालायला. आल्या आल्या तिने विचारलं, म्हणून तक्ता भिंतीवर लागल्याचं सांगावंच लागलं. हात डोक्यापर्यंत जात नाही म्हणून दीड महिना ती रोज येते, एक दिवस चुकवत नाही. पन्नाशीत पोहायला शिकली तेव्हा तिला विचारलं होतं, कसं जमतं गं तुला? “सोडवत नाही मला,” ताई म्हणाली होती. “अर्धवट राहिलं की जेवण जात नाही. त्यात माझं कसलं कौतुक?” तेव्हा केवढं बरं वाटलं होतं! म्हणजे तिला उतार आहे आणि मला चढ, रस्ता एकच, आणि यात कुणाचाच दोष नाही... पण मग त्या खुणा? त्या करायला एकही दिवस कंटाळा आला नाही. दोन पेनं, तिरक्या रेघा, ताप. सहा आठवडे न चुकता. चिकाटी नव्हती असं म्हणायची सोयही मी ठेवलेली नाही.

“ताई, मी ते व्यायाम केले नाहीत.”

कंगवा थांबला नाही. “गप गं. तुला स्वतःला नावं ठेवायची सवयच आहे. भिंतीवर लागलाय तक्ता.” मग वेणीला रबर लावता लावता म्हणाली, “आई असती तर तिला नेऊन दाखवला असता. पहिल्यांदा काहीतरी शेवटाला नेलंस.”

पुन्हा सांगायला हवं होतं, मागे वळून, ताईच्या तोंडाकडे बघून. तिने वेणी खांद्यावरून पुढे घेतली आणि छान झालीय म्हणाली. ताई गेली.

खिडकीत अजून उजेड होता. तिने पुढे बटणं असलेला गाऊन चढवला आणि खुर्चीत बसली. अंशांचं तिला काही कळत नाही, शिवणकामातलं माणूस, तिचं माप बटणांचं : उजवा अंगठा वरून तिसऱ्या बटणाशी अडतो, प्लास्टर निघाल्यापासून तिथेच. आज गुरुवार. सोमवारपर्यंत खरंच करत राहिलं आणि हात हलला तर... तर पट्टी लावताच त्या मुलीला कळेल की आधीच्या खुणा कसल्या होत्या. चार दिवसांत हलतो तो दीड महिन्यात का हलला नाही? आणि नाही केलं तर चांगला हात फाडायचा आणि ती पोर जन्मभर समजणार की आपल्याला शिकवता आलं नाही.

तिने डाव्या हाताने उजवा दाबला. एक... दोन... चारला ओळखीची कळ आली, पाचव्या दिवशी सकाळी जिथे सोडलं होतं ती. पाच. सोडावंसं वाटतंय, अगदी आत्ता, यात अवघड ते काय, हात काढला की झालं. सहा. आजोबांनी सरळ लिहिलं होतं, कंटाळा. सात... आठ.

अंगठा सरकला. दुसऱ्या बटणापर्यंत नाही, पण तिसरं सोडून वर, मधल्या साध्या कापडावर. आनंद व्हायला हवा होता मला. त्याऐवजी कानशिलं तापली, खोलीत कुणी नसताना मी दाराकडे पाहिलं. हात हलत होता. पहिल्या दिवसापासून हलण्यासारखा होता. डावा हात काढावासा वाटेना आणि तसाच ठेवणंही सोसवेना. कळ दंडापर्यंत चढली होती.

नऊ, मी हळूच म्हटलं.