अर्जावरचं पहिलं नाव

ऑलिव्हच्या घाण्यातून निघालेलं काळं पाणी परीक्षानळीत रात्रभर उभं ठेवलं की त्यावर तेलाचा बारीक तवंग धरतो. आज तो नेहमीपेक्षा पातळ होता आणि कडेला तुटला होता. डॉ. हैफाने तेवढं टिपून नळी स्टँडमध्ये परत ठेवली.

हे पाणी बागांमध्ये सोडलं तर जमीन सुधारते की बिघडते, हे ती स्फाक्सच्या विद्यापीठात बरीच वर्षं तपासत होती. आता नमुने तपासायला रसायनंही उरली नव्हती. यंदा बाहेरून अनुदान मिळालं नाही, तर प्रयोगाची बाग मालकाला परत करावी लागणार होती आणि काम तिथेच थांबणार होतं.

एका संस्थेकडे आधी दोनदा अर्ज गेला होता. दोन्ही वेळा कल्पना हैफाची, मजकूर हैफाचा आणि प्रमुख संशोधक म्हणून नाव प्राध्यापक मुन्सिफ यांचं. प्रयोगशाळेची रीतच तशी होती. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदावर आधी सी मुन्सिफ, म्हणजे मुन्सिफसाहेब, मग बाकीचे. दोन्ही अर्ज न वाचताच परत आले. ही योजना डॉक्टरेटला दहा वर्षं न झालेल्यांसाठी होती आणि सी मुन्सिफ यांची डॉक्टरेट हैफा शाळेत जायच्या आधीची. हे त्यांना सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्यांच्या तोंडावर बोलणार कोण? परीक्षकांना ऑलिव्हमधलं काही कळत नाही, असं सगळ्यांनी मिळून सांगितलं आणि त्यांना ते पटलं.

हैफाचं डॉक्टरेटनंतरचं हे दहावं, म्हणजे या योजनेसाठी शेवटचं वर्ष होतं. मुदत आज संध्याकाळी संपत होती आणि अर्जावर प्रयोगशाळाप्रमुखांची, म्हणजे त्यांचीच, सही लागत होती.

"सांगणार कधी त्यांना?" शेजारच्या टेबलावरून नज्वाने विचारलं. "कयामतीच्या दिवशी?"

"कॉफी झाल्यावर."

"मागच्या आठवड्यातही कॉफीच होती."

अर्ज घेऊन ती सी मुन्सिफ यांच्या खोलीत गेली. त्यांनी मजकूर शब्दन् शब्द वाचला होता. मातीतल्या क्षारांच्या तक्त्यात एक चूक सापडली होती, आणि ती खरोखरच चूक होती. हैफाने ती दुरुस्त केली. त्यांनी तिच्या आईच्या गुडघ्याची चौकशी केली. संत्र्याच्या फुलांचं पाणी घातलेली कॉफी आली, पिऊन झाली. मग त्यांनी पेन उघडलं.

"पहिल्या पानावर नाव रिकामंच ठेवलंयस, पोरी. विसरलीस की लाजलीस? माझं लिही, खाली तुझं. या खेपेला तरी त्या लोकांना ऑलिव्ह कळू देत, इन्शाअल्लाह."

इथे तिनेही इन्शाअल्लाह म्हणायचं, की विषय मिटायचा. गेले कित्येक दिवस ती तेच करत आली होती.

"त्यांना ऑलिव्ह कळतात, सी मुन्सिफ," ती म्हणाली. "त्यांनी आपले अर्ज उघडलेच नव्हते. डॉक्टरेटला दहा वर्षं होऊन गेलेल्यांचे ते घेतच नाहीत. आम्ही कोणी तुम्हाला सांगितलं नाही."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. खिडकीबाहेर कुणीतरी मोटार मागे घेत होतं. ती थांबेपर्यंत ते तिकडे पाहत राहिले.

"दोन्ही वेळा?"

"दोन्ही वेळा."

"मग आता?"

"यंदा अर्ज माझ्या नावाने जाईल."