तीन निरंक दिवस

मित्रांनो, मी तान्ह्या बाळांचा एक जुना वजनकाटा आहे. तुमच्यापैकी काही जण कधीतरी माझ्या पारड्यात मुठी आवळून रडले असतील. तुम्हाला ते आठवत नसणार, आणि मलाही चेहरे लक्षात राहत नाहीत. वजने तेवढी राहतात.

ज्या कारखान्यात मी जन्मलो, तिथल्या तपासनिसाने माझ्यावर प्रमाणित वजने ठेवली, काढली, पुन्हा ठेवली, आणि मी खोटे बोलत नाही अशी खात्री पटल्यावरच माझ्या कडेला शिक्का मारला. मग मी एका वस्तीतल्या सरकारी दवाखान्यात आलो. खिडकीजवळचे एक टेबल, एवढेच माझे जग. तिथल्या परिचारिकेला सगळे सिस्टर म्हणत. थंड पत्र्याने बाळ दचकू नये म्हणून त्या आधी माझ्यावर घडी केलेले दुपटे अंथरत आणि काटा पुन्हा शून्यावर आणत. "दुपट्याचं वजन बाळाच्या नावावर नको," असे त्या प्रत्येक नव्या आईला सांगत. मग वजन मोठ्याने वाचत. बाळ गुटगुटीत निघाले की बाकावर बसलेल्या त्याच्या आजीची मान ताठ होई.

अशी बरीच वर्षे गेली. मग सरकारने खर्चात कपात करायचे ठरवले. लहान दवाखाने बंद करायचे, सगळ्यांना शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मोठ्या रुग्णालयात पाठवायचे, आणि तिकडे जाणाऱ्या बसच्या फेऱ्याही निम्म्यावर आणायच्या, असा तो बेत होता. त्यामुळे एरवी एकमेकांची ओळखही नसलेली माणसे माझ्या खोलीत एकत्र बसू लागली. दवाखान्याचे कर्मचारी आले, यंत्रमागावरच्या कामगार बायका आल्या, वस्तीतल्या आया आल्या, आणि बसचालकांची संघटनाही आली. चालकांच्या पुढाऱ्याला त्याच्या आवाजामुळे सगळे 'भोंगा' म्हणत. पत्रकांचा गठ्ठा ठेवायला जागा नव्हती, म्हणून त्याने तो माझ्यातच ठेवला. काटा पावणेपाच किलोंवर गेला. "बघा सिस्टर, चळवळीनं बाळसं धरलंय," तो म्हणाला, आणि सगळी खोली हसली.

त्या आयांमध्ये मागावर काम करणारी एक होती. तिचे बाळ जन्मतःच इतके लहान होते की त्याचे नावच पिटुकला पडले. तो आठवड्याला शंभर ग्रॅम वाढत असे. त्या आठवड्यात मात्र तो पन्नास ग्रॅमने घटला. सिस्टरांनी ते वजन मोठ्याने वाचले नाही. दिवसाआड घेऊन ये, एवढेच त्या हळू आवाजात म्हणाल्या.

त्याच संध्याकाळी भोंग्याने तीन दिवसांच्या बंदची कल्पना मांडली. बस बंद, माग बंद, आणि दवाखान्यात कोणी पाऊल टाकायचे नाही. सगळ्यांनी फाटकाबाहेर उभे राहायचे. नेमक्या त्याच दिवसांत खात्याचा माणूस रुग्णांची हजेरी पाहायला येणार असल्याचे सिस्टरांच्या कानावर आले होते. "आपणच आत गेलो नाही, तर त्यांच्या हाती आयतं कोलीत मिळेल," त्या म्हणाल्या. भोंग्याने विचारले की फाटकावरची पाचशे माणसे त्याला दिसणार नाहीत का, तो काय आंधळा आहे? निदान बाळांना तरी आत येऊ द्या, अशी सिस्टरांनी विनवणी केली. तेव्हा पिटुकल्याची आई उभी राहिली.

"नको, सिस्टर. तुम्ही आमच्यासाठी नोकरी पणाला लावायची आणि आम्ही एकजूट मोडून आत शिरायचं, हे शोभतं का? तीन दिवसांनी काय होतंय."

टाळ्या वाजल्या. सिस्टर मान खाली घालून दुपट्याची घडी घालत राहिल्या.

बंद पूर्ण यशस्वी झाला. असा एकोपा मी कधी पाहिला नव्हता. अंगात ताप असलेली माणसेही कुंपणाला टेकून उभी राहिली, पण आत आली नाहीत. खोलीत मी आणि खात्याचा कारकून, असे दोघेच होतो. तो दुष्ट नव्हता. पुन्हा पुन्हा उठून तो खिडकीपाशी जाई. एकदा तर बाहेरच्या घोषणांच्या ठेक्यावर त्याचे बोट नकळत टेबलावर वाजू लागले. मग तो परत बसे आणि आलेल्या रुग्णांच्या रकान्यात 'निरंक' असे लिही. बाहेर उभ्या असलेल्यांसाठी त्याच्या तक्त्यात रकाना नव्हता.

महिन्याभराने आदेश आला. पाहणीच्या काळात एकही रुग्ण न आल्याने या दवाखान्याची गरज उरलेली नाही, असे त्यात लिहिले होते. शेवटच्या बैठकीत मागावरच्या बायकांनी चालकांना दोष दिला, चालकांनी कर्मचाऱ्यांना. "चुकलं माझं," असे भोंगा म्हणाला, पण ते बहुधा मी एकट्यानेच ऐकले. 'मी म्हटलं होतं' हे शब्द सिस्टरांनी कुणालाही ऐकवले नाहीत. त्यांची दूर बदली झाली.

आता दाराला कुलूप आहे आणि बाहेर एक म्हातारा पहारेकरी बसतो. माझ्या पारड्यात धूळ साठत जाते. गेल्या आठवड्यात पिटुकल्याची आई खिडकीशी आली. मोठ्या रुग्णालयात जायचे तर दिवसाचे काम बुडते, आणि वाटेत बदलायची दुसरी बस चुकली की तिथली वेळ टळते, असे ती पहारेकऱ्याला सांगत होती. दोनदा गेली होती, दोनदा तशीच परतली होती. तिने बाळाला या हातावरून त्या हातावर घेतले आणि मग पहारेकऱ्याकडे दिले.

"बघा ना हो काका, भरल्यासारखा वाटतो का?"

नातवंडे खेळवलेला म्हातारा माणूस तो. त्याने बाळाला दोन्ही हातांवर तोलले, मग पुन्हा एकदा तोलले, आणि त्याच्या अंगावरचे कापड नीट गुंडाळले.

"वाटतो की," तो म्हणाला.

मी काचेच्या अलीकडे, हातभर अंतरावर होतो.

मित्रांनो, तुमच्या वस्तीत माझ्यासारखे काही अजून चालू असेल, तर त्याच्यासाठी रस्त्यावर जरूर उतरा. पण उतरताना कुणा एका आईला बाळ घेऊन आत जाऊ द्या. मला स्वतःसाठी काही मागायचे धाडस होत नाही. कधी या रस्त्याने आलात आणि पिटुकल्याची आई खिडकीशी उभी दिसली, तर तिला एवढेच सांगा, की पहारेकऱ्याचे हात फार मायाळू आहेत. त्यांच्यावर विश्वास ठेवू नकोस.