आत्याचं आभाळ

राजारामपुरीतल्या भावाच्या फ्लॅटचा जिना चढताना क्रांतीला घाम फुटला होता. जानेवारीत घाम! पिशवीत होतं काय, तर एक लोकरीचं टोपडं. पण त्या एवढ्याशा टोपड्यावर तिचा सगळा जीव टांगणीला लागला होता.

भाऊ राजवीर, त्याचं पोरगं ऋतुराज. पोर रांगायला लागलं तरी या सख्ख्या आत्यानं त्याला मांडीवर घेतलं नव्हतं. घेऊ दिलं नव्हतं म्हणा! क्रांतीचं स्वतःचं बाळ पाळण्यातच गेलं होतं, आणि राजवीरची सासू, बिद्रीच्या तानाबाई, तेवढंच धरून बसल्या होत्या. "तिचा हात लेकराला नको." बारशाला नाव ठेवायचा मान आत्याचा, तोही भलतीनंच उरकला. बाईच्या जिभेला हाड नव्हतं ते नव्हतंच, पण राजवीर गप्प, त्याची बायको अस्मिता गप्प. या गप्प बसणाऱ्यांना काय म्हणायचं, सांगा!

पण संक्रांतीनंतर बोरन्हाण आलं. बोरन्हाणाला लेकराला काळं घालतात, आणि टोपडं आत्यानंच आणायचं, हा त्यांच्या घरचा रिवाज. राजवीरनं फोनवर चाचरत सांगितलं, "आक्का, टोपडं घिऊन ये."

बाजारातलं आणायला क्रांती काय परकी होती? सासरी गडमुडशिंगीत पहाटे म्हशीची धार काढायला उठलं की गोठ्यावर जे आभाळ दिसायचं, तेच तिनं विणायला घेतलं. खाली काळीभोर रात, रातीत पांढऱ्या चांदण्या, वर जांभळा पट्टा आणि शेंड्याला उजाडतानाचा केशरी. एका ओळीत दोन रंग चालवायचे म्हणजे एक पुढं विणायचा आणि दुसरा पाठीमागनं सैल न्यायचा, नाहीतर विणलेलं ताणतच नाही. सैल! हात सैल सुटतोय कशाला? घेतील का, लेकराच्या डोक्यावर घालू देतील का, टाक्याटाक्याला हाच घोर.

दिवाणखान्यात हलव्याचे दागिने घालून ऋतुराज पाटावर बसला होता. भोवती शेजारच्या बायका. बोरं-चुरमुऱ्यांचं ताट तयार होतं. तानाबाईंनी टोपडं उलटसुलट करून बघितलं.

"बरं हाय की," त्या नाइलाजानं म्हणाल्या. "आण हिकडं. मीच घालते."

क्रांती पाटापासनं मागं सरकली.

टोपडं कपाळाशीच अडलं. तानाबाईंनी ओढलं. चांदण्या ताणल्या, पोरानं भोकाड पसरलं, तरी टोपडं काही खाली येईना. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या.

"बघा! मी म्हणत न्हवते?" तानाबाईंनी टोपडं पाटावर टाकलं. "देवालाच मान्य न्हाय. हिच्या हातचं लेकराला लागायचंच न्हाय!"

पुन्हा या घराची पायरी चढायची नाही, असं म्हणून क्रांती चपलेकडं वळली.

"वन्सं, थांबा."

अस्मिता! इतके दिवस मिठाची गुळणी धरून बसलेली अस्मिता. तिनं टोपडं उचललं, उलटं केलं, मागचे ताणलेले धागे चाचपले. "माप कशावरनं धरलं?"

"मोबाईलवरच्या फोटोवरनं." क्रांतीचा आवाज फाटला. "डोकं कवा दिलंसा मला मापायला?"

पोर हुंदके देत होतं. राजवीरनं मान खाली घातली.

अस्मितानं लेकराला पाटावरनं उचललं. तानाबाई आडव्या आल्या. "अस्मे, याड लागलंय का तुला?"

"आई, बाजूला हो. माझीच चूक हाय, म्या तुझं ऐकलं." आणि सगळ्यांसमोर तिनं क्रांतीला पाटाशेजारी बसवून ऋतुराजला तिच्या मांडीवर ठेवलं. "वन्सं, टोपडं उसवा. चार दिवस हितंच राहून विणा. बोरन्हाण रथसप्तमीपतोर कवाबी करता येतंय की. आणि आता माप हातानं घ्या."

क्रांतीनं तळवे त्या डोक्याभोवती धरले. फोटोत वाटलं होतं त्याहून कितीतरी मोठं होतं ते, आणि ऊन ऊन. माप कधीच घेऊन झालं होतं, पण तिनं हात काढले नाहीत.